जॉर्ज शॅलर : वाघाआधी हरणं मोजणारे प्राणिशास्त्रज्ञ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरात जंगल हा घरचा विषय आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा यांपैकी कुठेतरी जाऊन आलेला माणूस प्रत्येक घरात सापडतो. मात्र आपल्या या जंगलपट्ट्यात वाघाचा आणि त्याच्या भक्ष्याचा पहिला सविस्तर शास्त्रीय अभ्यास कोणी केला, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॉलेजांत आणि निसर्गमंडळांत जॉर्ज शॅलर यांच्याविषयी बोलल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे.

जॉर्ज शॅलर कोण? थोडक्यात सांगा.

प्राणिशास्त्रज्ञ आणि वन्यजीवांवरचे लेखक. जन्म २६ मे १९३३, बर्लिन. किशोरवयात ते अमेरिकेत गेले, अलास्का विद्यापीठातून पदवी घेतली आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पहाडी गोरिला, वाघ, सिंह, हिमालयातल्या रानमेंढ्या आणि रानबकऱ्या, हिमबिबट्या, पांडा, तिबेटमधलं चिरू हरीण या सगळ्यांचा त्यांनी त्या-त्या जागी राहून अभ्यास केला. न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटी, म्हणजे आजची वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी, ही त्यांची दीर्घकाळची संस्था. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कान्ह्यातलं त्यांचं काम आणि त्यातून १९६७ मध्ये आलेलं 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक.

पण कान्हा तर मध्य प्रदेशात. नागपूरकरांनी त्यात एवढं काय शोधायचं?

अंतराचंच बोलायचं तर सिवनीमार्गे खटिया गेट किंवा गोंदिया-बालाघाट-बैहरमार्गे मुक्की गेट, दोन्हीकडून नागपूरहून साधारण अडीचशे ते तीनशे किलोमीटर. अंतराहून जवळचा धागा इतिहासाचा आहे. १९३३ मध्ये बंजर खोऱ्यात अभयारण्य झालं, तेव्हा मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालत होता. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं ते ज्या राज्याच्या कायद्याने, त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीही तेव्हा नागपूरच होती. राजधानी भोपाळला गेली ती १९५६ च्या नोव्हेंबरात. कान्ह्याला संरक्षण देण्याचे सुरुवातीचे निर्णय आपल्या शहरात झाले आहेत, याची आठवण इथे क्वचितच कोणी काढतं.

आणखी एक दुवा आहे. जुन्या मध्य प्रांताच्या वनखात्यातले डनबर ब्रँडर या अधिकाऱ्याने १९२३ मध्ये मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिलं. मध्य भारतातल्या बारशिंग्याच्या उपजातीला 'ब्रँडराय' हे नाव त्यांच्यावरूनच मिळालं. शॅलर कान्ह्यात आले तेव्हा 'पूर्वी इथे काय होतं' हे तपासायला त्यांच्या हाताशी ब्रँडर यांच्या नोंदी होत्या.

शॅलर शिकारी होते का? जिम कॉर्बेटसारखे?

नाही. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो आणि त्याला कारणही आहे. मध्य भारतातल्या वाघावरचं जुनं इंग्रजी लेखन बहुतेक बंदुकीच्या मागून झालं आहे. त्यांतले काही लेखक उत्तम निरीक्षक होते, पण त्यांची वाघाशी भेट शेवटच्या क्षणापुरती असायची. मचाणावर बसलेला माणूस वाघ येतो कसा हे पाहतो. तो वाघ काल कुठे होता, परवा काय खाल्लं, वर्षात किती चितळं मारतो, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

शॅलर यांनी बंदूक नाकारली. गोरिलांच्या जंगलातही ते निःशस्त्र फिरले आणि कान्ह्यातही. ज्या वर्षांत ते कान्ह्याच्या मैदानावर वही घेऊन बसले होते, त्याच वर्षांत उद्यानाबाहेरच्या जंगलांत शिकारीचे ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी आखलेले जंगलाचे भाग, दिले जात होते आणि परदेशी पाहुणे पैसे मोजून वाघ मारायला येत होते. नागपूरहूनही अशा मोहिमा निघत. वाघाच्या शिकारीवर बंदी आली ती १९७० च्या सुमारास आणि वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो १९७२ मध्ये. ही तारखांची ओळ डोळ्यांसमोर ठेवली, तर वाघाला अभ्यासाचा विषय मानणं त्या काळी किती वेगळं होतं हे उमगतं.

ते कान्ह्यात कधी आणि किती दिवस होते? पगार कोण देत होतं?

१९६३ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंत ते भारतात होते. त्यातलं वर्षभराहून अधिक काम कान्ह्यात झालं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं एक वैद्यकीय संशोधन केंद्र तेव्हा कलकत्त्यात होतं, त्याच्यामार्फत हा प्रकल्प चालला. पत्नी के आणि दोन लहान मुलगे बरोबर होते. सगळं कुटुंब कान्ह्यातच राहत असे. के शॅलर यांचा उल्लेख मी मुद्दाम करते. नवऱ्याच्या प्रत्येक मोठ्या मोहिमेमागे त्यांचे कष्ट आहेत, हस्तलिखितांच्या कामातही त्यांचा हात आहे. मुखपृष्ठावर नाव एकाचंच असतं, म्हणून त्या विसरल्या जातात.

तुलनेसाठी शॅलर यांनी भारतातली इतर अभयारण्यंही पाहिली, पण पुस्तकाचा कणा कान्हाच.

दिवसभर करायचे काय? वाघाच्या मागे फिरायचे?

बराचसा वेळ हरणांच्या कळपांसमोर बसून जायचा. पहाटे मैदानाच्या कडेला जायचं, दुर्बिणीतून कळप मोजायचा, त्यात नर किती, माद्या किती, वर्षाच्या आतली पाडसं किती हे लिहायचं. नरांची शिंगं कोणत्या अवस्थेत आहेत, म्हणजे मखमल आहे, कडक झाली आहेत की गळून पडली आहेत, हे नोंदवायचं. मग चरणं, रवंथ, विश्रांती, सावध होणं यांत कळपाचा वेळ कसा वाटला जातो हे टिपायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि ऋतू बदलला तरी तेच.

दुसरा भाग विष्ठेचा. वाघाची विष्ठा वाटेवर सापडली की गोळा करायची, धुवायची, त्यातले केस आणि हाडांचे तुकडे वेगळे करायचे आणि ओळखीच्या प्राण्यांच्या केसांशी ताडून पाहायचे. वाघ कोणत्या प्राण्यावर जगतो हे असं ठरतं. तिसरा भाग मेलेल्या जनावरांचा. वाघाने मारलेलं चितळ किंवा सांबर मिळालं की दातांची झीज पाहून वय काढायचं. वाघ म्हातारी, आजारी जनावरंच मारतो की धडधाकटही, या प्रश्नाचं उत्तर अशा जबड्यांमधून मिळतं.

हे वाचून काही जणांची निराशा होते, कारण यात थरार नाही. मला मात्र या कामाचा आदर इथेच सर्वांत जास्त वाटतो. जिप्सीत बसून एका सकाळी वाघ दिसला नाही तर आपण फेरी वाया गेली म्हणतो. शॅलर यांच्या वहीत वाघ नसलेली सकाळही भरलेली असायची.

पुस्तकाच्या नावात हरीण आधी आणि वाघ नंतर. यात काही हेतू आहे का?

पुस्तकाची मांडणीच तशी आहे. आधी चितळ, बारशिंगा, सांबर, काळवीट, गवा यांच्यावरची प्रकरणं येतात. कळपाची रचना, माजाचा हंगाम, पाडसांचे जन्म, मृत्यूची कारणं असं सगळं. वाघ त्यानंतर येतो, आणि येतो तेव्हा वाचकाला त्याचं ताट आधीच माहीत झालेलं असतं.

शॅलर यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं देणं हेच. वाघ किती हा प्रश्न त्यांनी वाघासाठी किती खुरवाले प्राणी आहेत, ते किती वेगाने वाढतात आणि त्यांना चरायला काय आहे, या प्रश्नांशी बांधला. आज व्याघ्र प्रकल्पात गवताळ मैदानांवर एवढा खर्च आणि मेहनत होते ती याच समजुतीवर. पेंच-ताडोब्यात पर्यटकांच्या गप्पांत चितळाला 'नुसतं चितळ' म्हणतात. त्या चितळावर शॅलर यांनी आपल्या पुस्तकाचा मोठा भाग खर्च केला आहे.

वाघाबद्दल त्यांनी नवीन काय सांगितलं?

पहिली गोष्ट ओळखीची. प्रत्येक वाघाच्या चेहऱ्यावरचे, विशेषतः डोळ्यांवरचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून एकेक वाघ ओळखता येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष वापरून दाखवलं. आज कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून होणारी ओळख पट्ट्यांच्या याच वेगळेपणावर उभी आहे.

दुसरी गोष्ट स्वभावाची. वाघ एकटा राहतो, म्हणून तो दुसऱ्या वाघाचं तोंडही पाहत नाही असा समज होता. कान्ह्यात त्यांना वाघ शिकार वाटून खातानाही दिसले. गंधाच्या खुणा, झाडांवरचे ओरखडे आणि आवाज यांतून एकाच परिसरातले वाघ एकमेकांची खबर ठेवून असतात, हे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट झालं.

तिसरी गोष्ट अपयशाची. वाघाचे शिकारीचे बहुतेक प्रयत्न फसतात. वीस प्रयत्नांत साधारण एक यशस्वी, असा शॅलर यांचा अंदाज होता. आकडा जंगलागणिक आणि वाघागणिक बदलेल, पण जंगलाचा राजा बहुतेक वेळा उपाशी परततो हे समजलं की चितळाच्या कळपाच्या सावधपणाची किंमत कळते.

चौथी गोष्ट ताटाची. कान्ह्यातल्या वाघाचं मुख्य अन्न चितळ होतं. गुरंही त्यात होती, कारण तेव्हा उद्यानाच्या आत-बाहेर गावं आणि गुरं होती.

बारशिंगा कान्ह्यात संपत आला होता म्हणतात. शॅलर यांचा त्यात काय भाग?

हा प्रश्न सविस्तर उत्तराचा आहे, कारण मध्य भारतात वेळेवर मोजणी केल्याने एक प्राणी वाचला याचं हे स्पष्ट उदाहरण आहे.

बारशिंग्याची मध्य भारतातली उपजात कडक जमिनीवर, सालाच्या जंगलातल्या मैदानांत राहते आणि जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगते. चितळ पाला, फळं, मोहाची फुलं असं काहीही खाऊन निभावून नेतं. बारशिंग्याला ती सवलत नाही. एकेकाळी मध्य भारतात ठिकठिकाणी असलेली ही उपजात आक्रसत कान्ह्यापुरती उरली. १९३८ मध्ये कान्हा परिसरात सुमारे ३,००० बारशिंगे असल्याचा अंदाज होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा साडेपाचशेच्या आसपास आला. शॅलर मोजायला बसले तेव्हा संख्या शंभराच्याही खाली होती. १९७० च्या मोजणीत ६६ उरले.

शॅलर यांनी 'कमी झाले' एवढंच म्हणून सोडलं नाही. माद्यांच्या मानाने पाडसं फारच कमी दिसतात, हे त्यांनी दाखवलं. मग कारणं वेगळी केली: चोरटी शिकार, मैदानात चरणारी गुरं, दरवर्षी लागणारे वणवे आणि लावल्या जाणाऱ्या आगी, एवढ्याशा कळपावर पडणारा वाघाचा भार. गुरांपासून येणाऱ्या, माद्यांचा गर्भ पाडणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या रोगाची शंकाही त्यांनी मांडली. त्यांच्यानंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लॉड मार्टिन या स्विस शास्त्रज्ञाने कान्ह्यात फक्त बारशिंग्यावर काम केलं आणि उंच गवताचा मुद्दा पुढे आणला. बारशिंग्याची मादी नवजात पाडस उंच गवतात लपवते. गवत जळालं किंवा गुरांनी खाल्लं, तर ते पाडस उघड्यावर पडतं.

उपाय मग याच निष्कर्षांवरून झाले. काही बारशिंगे वाघ आत येऊ शकणार नाहीत अशा कुंपणात ठेवून वाढवले, आगी आवरल्या, काही गावं हलवली आणि त्यांच्या शेतजमिनींवर गवत वाढू दिलं. सोंफ हे त्यातलं एक गाव, आज त्या जागी बारशिंग्यांचं मैदान आहे. संख्या आता हजाराच्या आसपास गेली आहे. २०१५ मध्ये काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले गेले, पुढे बांधवगडलाही. एकाच ठिकाणी सगळी उपजात असणं धोक्याचं होतं, साथीचा एखादा रोग आला असता तर सगळंच संपलं असतं. आज बारशिंगा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे.

या यशाचं श्रेय वनखात्याचं, मोठ्या प्रमाणात. शॅलर यांनी आजार कुठे आहे ते सांगितलं, शुश्रूषा इतरांनी केली.

गावं हलवण्याला शॅलर यांचा पाठिंबा होता का? तिथल्या बैगा आणि गोंड आदिवासींचं काय?

उद्यानातली गुरं आणि चराई यांचा गवतावर आणि हरणांवर होणारा परिणाम त्यांनी स्पष्ट लिहिला, आणि संरक्षित क्षेत्रात चराई नको या धोरणाला त्याचा आधार मिळाला. नंतरच्या आयुष्यात, विशेषतः तिबेट आणि पामीरमध्ये काम करताना, स्थानिक मेंढपाळांना बरोबर घेतल्याशिवाय संरक्षण टिकत नाही यावर त्यांचा भर वाढत गेलेला त्यांच्या पुस्तकांत दिसतो.

माझं मत विचाराल तर सोंफच्या मैदानावर बारशिंगे पाहून आनंद होणं योग्यच आहे, आणि ते मैदान कोणाच्या तरी शेतावर उभं आहे हेही त्याच वेळी मनात असलं पाहिजे. विदर्भातही व्याघ्र प्रकल्पांतून गावं उठली आहेत. जीवशास्त्र आपल्याला गवताला काय लागतं ते सांगेल. त्याची किंमत कोणी आणि किती मोजायची, हा निर्णय जीवशास्त्राचा नाही.

कान्ह्यात त्यांनी दहा-पंधरा वाघ सांगितले. आज शंभराच्या आसपास आहेत. मग त्यांची मोजणी चुकली होती का?

नाही. तेव्हाचं उद्यान सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं होतं. आज कान्ह्याचा गाभाच नऊशे चौरस किलोमीटरहून मोठा आहे, भोवती बफर आहे. शिवाय त्या काळी भोवतालच्या जंगलांत शिकार चालू होती. शॅलर येण्याच्या आधी, १९४७ ते १९५१ दरम्यान, कान्हा परिसरात एका संस्थानिकाला तीस वाघ मारू दिले गेले होते, आणि त्यावरून उठलेल्या ओरडीमुळे राष्ट्रीय उद्यानाची मागणी बळावली. क्षेत्र, संरक्षण आणि मोजण्याची पद्धत ही तिन्ही बदलली असताना दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. आपल्याकडे पेंचच्या किंवा ताडोब्याच्या जुन्या-नव्या आकड्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

गोरिलांवरचं काम डायन फॉसी यांचं ना? मग शॅलर यांचं नाव का घेतात?

फॉसी या पहाडी गोरिलांच्या प्रसिद्ध संशोधक, पण त्यांच्या आधी शॅलर तिथे होते. १९५९ मध्ये ते मध्य आफ्रिकेतल्या विरुंगा पर्वतात गेले आणि काँगोच्या बाजूच्या काबारा या ठिकाणी राहून त्यांनी पहाडी गोरिलांचा अभ्यास केला. गोरिला म्हणजे माणसावर धावून येणारं श्वापद, ही प्रतिमा त्यांच्या निरीक्षणांनी मोडली. त्यांना दिसला तो झाडपाला खाणारा, कुटुंबात रमणारा, बराचसा शांत प्राणी. शास्त्रीय ग्रंथ १९६३ मध्ये आला आणि सर्वसामान्यांसाठीचं 'द इयर ऑफ द गोरिला' १९६४ मध्ये. फॉसी यांनी १९६७ मध्ये काम सुरू केलं तेही काबारालाच. नंतर त्या रुवांडात गेल्या आणि पुढची अठरा वर्षं त्यांनी या प्राण्याला दिली. दोघांची कामं एकमेकांना पूरक आहेत.

कान्ह्यानंतर ते कुठे गेले?

थेट आफ्रिकेत. १९६६ ते १९६९ सेरेंगेटीत सिंहांवर काम. एकट्या सिंहिणीपेक्षा दोघी-तिघी मिळून निघाल्या तर शिकार साधण्याची शक्यता बरीच वाढते, हे त्यांनी नोंदींनिशी दाखवलं. 'द सेरेंगेटी लायन' हा ग्रंथ १९७२ मध्ये आला आणि त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. नंतर पाकिस्तान आणि नेपाळचा हिमालय. १९७० मध्ये चित्रालमध्ये त्यांनी काढलेले हिमबिबट्याचे फोटो हे रानातल्या या प्राण्याच्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी.

१९८० पासून चीनमध्ये वोलाँगला पांडा. तिथे त्यांनी चोरटी शिकार आणि परदेशी प्राणिसंग्रहालयांना पांडा भाड्याने देण्याचा व्यवहार यांवर स्पष्ट टीका केली. त्यानंतर तिबेटचं चांगतांग पठार. चिरूच्या लोकरीपासून शाहतूश शाली होतात. ही लोकर झुडपांना अडकलेली वेचून आणतात, अशी गोड कहाणी व्यापारात चालायची. प्रत्यक्षात त्यासाठी चिरू मारले जातात हे जगासमोर आणण्यात शॅलर यांचा मोठा वाटा आहे. १९९३ मध्ये तिथे जे अभयारण्य झालं ते साधारण तीन लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढं.

'द स्नो लेपर्ड' हे पुस्तक शॅलर यांचंच ना?

नाही, ते लेखक पीटर मॅथिसन यांचं, १९७८ मधलं. १९७३ मध्ये शॅलर नेपाळच्या डोल्पो भागात भरल नावाच्या रानमेंढीवजा प्राण्याच्या अभ्यासाला निघाले आणि मॅथिसन बरोबर गेले. पुस्तकात 'जीएस' म्हणून येणारा अबोल शास्त्रज्ञ म्हणजे शॅलर. त्याच प्रवासाची स्वतःची बाजू शॅलर यांनी 'स्टोन्स ऑफ सायलेन्स' मध्ये १९८० मध्ये लिहिली. दोन्ही लागोपाठ वाचली तर एकच डोंगर दोन माणसांना किती वेगळा दिसतो हे कळतं.

त्यांचं कोणतं पुस्तक आधी वाचू?

शॅलर यांची एक पद्धत होती. बहुतेक प्रत्येक अभ्यासावर दोन पुस्तकं: एक तक्ते आणि आकड्यांचं, दुसरं सगळ्यांसाठी. सिंहांवर 'द सेरेंगेटी लायन' आणि 'गोल्डन शॅडोज, फ्लाइंग हूव्हज'. हिमालयावर 'माउंटन मोनार्क्स' आणि 'स्टोन्स ऑफ सायलेन्स'. पांडांवर वोलाँगचा अहवालग्रंथ आणि 'द लास्ट पांडा'. कान्ह्याच्या बाबतीत मोठ्यांसाठी असं दुसरं पुस्तक आलंच नाही. मिलिसेंट सेलसम यांच्याबरोबर १९६९ मध्ये मुलांसाठी वाघावरचं एक छोटं पुस्तक झालं, तेवढंच. याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण मोहाच्या झाडांची, सालाच्या फुलोऱ्याची, बैगा वस्तीची गोष्ट ते सहज सांगू शकले असते.

म्हणून सल्ला असा. गोष्ट वाचायची असेल तर 'द इयर ऑफ द गोरिला' घ्या. जंगलात वारंवार जात असाल तर थेट 'द डिअर अँड द टायगर' घ्या, पण सलग वाचू नका. चितळाचं प्रकरण वाचा, पेंचला जाऊन या, मग बारशिंग्याचं. तक्त्यांना घाबरू नका, आधी मजकूर वाचून नंतर तक्त्याकडे या.

एवढं जुनं पुस्तक. आज त्यातलं काय चालत नाही?

वाघाच्या इलाक्याचा विस्तार हा सर्वांत कच्चा भाग. शॅलर यांच्याकडे रेडिओ कॉलर नव्हते. वाघांना कॉलर लावून मागोवा घेण्याचं काम १९७० च्या दशकात नेपाळच्या चितवनमध्ये सुरू झालं. भारतात वाघांचे अभ्यासक उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॉलर आणि मग कॅमेरा ट्रॅप वापरून वाघांच्या आणि भक्ष्याच्या घनतेचे जे हिशेब मांडले, ते कान्ह्याच्या अंदाजांपेक्षा कितीतरी काटेकोर आहेत. ब्रुसेलोसिसची शंकाही नंतरच्या कामात मागे पडली (वर बारशिंग्याचा प्रश्न पाहा).

आणि आणखी एक. कान्हा सालाचं, पेंच-ताडोबा सागाचं आणि बांबूचं जंगल. कान्ह्यातले कळपांचे आकार किंवा माजाच्या तारखा जशाच्या तशा विदर्भावर लावू नयेत. पद्धत घ्यावी, आकडे आपले काढावेत.

मारुती चितमपल्ली मोठे की शॅलर?

अशी तुलना मला पटत नाही. चितमपल्ली वनाधिकारी होते, जंगलाच्या भाषेचे, लोकज्ञानाचे आणि पक्ष्यांचे मराठी लेखक होते, नागपूरशी त्यांचं नातं दीर्घ होतं. शॅलर मोजणारे, ताडून पाहणारे संशोधक. नवेगावचं तळं मनात उतरायला चितमपल्ली लागतात, चितळाचा कळप समजायला शॅलर. माझ्या टेबलावर दोघंही असतात.

मी बीएस्सीला झूलॉजी घेतलंय. असं काम करायचं तर पुढे काय?

पदवीच्या काळात संख्याशास्त्र मनापासून शिका, ते सोडून पळू नका. पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम आणि बंगळुरूच्या एनसीबीएसचा (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाचा एमएस्सी, हे दोन चांगले रस्ते आहेत. दोन्हीकडे जागा थोड्या असतात, म्हणून अर्जाच्या वेळा आधीच पाहून ठेवा. इंग्रजीची भीती असेल तर शॅलर यांच्याच पुस्तकाने ती घालवा. त्यांची वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत.

ताडोब्यात किंवा पेंचमध्ये पायी फिरून असा अभ्यास आपण करू शकतो का?

परवानगीशिवाय नाही. संरक्षित क्षेत्रात संशोधनासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती संस्थेमार्फत, लेखी प्रस्तावावर मिळते. 'शॅलर फिरले म्हणून आम्हीही फिरतो' हे चालणार नाही, आणि ते सुरक्षितही नाही.

पण सुरुवातीला वाघाचं जंगल हवंच कशाला? सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, अंबाझरीचा परिसर इथे खुल्या असलेल्या वाटांवर लंगूर, खारी, पिंगळे, बगळे, मोर भरपूर आहेत. एक प्राणी आणि एक जागा ठरवा. आठवड्यातून ठरलेल्या वेळी जा. वहीत तारीख, वेळ, हवा, संख्या, नर-मादी-पिल्लं आणि त्या क्षणी ते काय करत होते, एवढंच लिहा. अंदाज आणि प्रत्यक्ष पाहिलेलं वेगळ्या रकान्यांत ठेवा. 'काही दिसलं नाही' ही नोंदही तारखेसह करा, नाहीतर नंतर हिशेब चुकतो. जिप्सी सफारीतही हे जमतं. चितळांच्या प्रत्येक कळपाजवळ गाईडदादांना मिनिटभर गाडी थांबवायची विनंती करा आणि मोजा. बहुतेक जण आनंदाने थांबतात, आणि चितळांबद्दल त्यांना जे माहीत असतं ते विचारलं तरच सांगतात.